संस्थेतील सर्वोच्च भक्षक

सौदामिनीच्या प्रश्नपत्रिकेत चूक सापडत नसे. तीन वर्षांत एकदाही सापडली नव्हती. एकदा आठवीतल्या एका पोरानं एक अनुस्वार जास्तीचा असल्याचं दाखवलं, तेव्हा तिनं तो कागद भिंगाखाली धरून ती माशीची विष्ठा असल्याचं सिद्ध केलं आणि त्याच तासाला कीटकांचा धडा उरकून घेतला.

लातूरला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून ती देवणीच्या पुढच्या एका गावातल्या माध्यमिक शाळेवर विज्ञान शिकवायला आली होती. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं आता संपत आली होती. येत्या शनिवारच्या बैठकीत तिला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे ठरणार होतं. तिनं स्वतःचा सूक्ष्मदर्शक लातूरहून आणून ठेवला होता, पण खोक्यातून काढला नव्हता. कायम झाल्यावर काढायचा, असं तिनं ठरवलं होतं. ते होणं मात्र संस्थेच्या हातात होतं.

या गावात संस्था म्हणजे किशनराव अप्पा. कागदावर ज्ञानसंवर्धिनी शिक्षण संस्था, तिला अकरा सभासद, एक घटना आणि एक गोल शिक्का. पण व्यवहारात 'संस्था आली' म्हणजे अप्पांची जीप फाटकात शिरली. 'संस्था झोपलीय' म्हणजे चारपर्यंत फोन करू नका. मागच्या हिवाळ्यात संस्थेला खोकला झाला, तेव्हा सगळे शिक्षक रांगेनं आलं घेऊन भेटून आले होते.

सौदामिनीला ही भाषा काही केल्या अंगवळणी पडेना. शास्त्र शिकलेल्या माणसाला संस्था पुष्कळ असतात. पचनसंस्था, श्वसनसंस्था, उत्सर्जनसंस्था, आणि बाहेर सगळ्यांना कवेत घेणारी परिसंस्था. त्यामुळे 'संस्थेनं बोलावलंय' असं कोणी म्हटलं की तिच्या तोंडून आपसूक 'कुठल्या?' निघून जाई, आणि निरोप आणणारा घाबरून मागे वळून बघे.

तर मंगळवारी आठवीची घटक चाचणी होती. इंद्रिय संस्था आणि परिसंस्था, असे दोन धडे. सौदामिनीनं पेपर सुवाच्य अक्षरात काढला. त्यातही सगळ्या प्रश्नांतले 'संस्था' हे शब्द एकाखाली एक यावेत म्हणून तिनं पट्टीनं जागा आखून घेतली होती. वाचायला बरं वाटतं, असं तिचं म्हणणं.

शाळेचं झेरॉक्सचं यंत्र कागद डावीकडून खायचं. हे सगळ्यांना माहीत होतं. किती खातं, हे मात्र फक्त सौदामिनीनं मोजलं होतं. दोन सेंटिमीटर. म्हणून ती समासही दोनच सेंटिमीटर सोडायची, न कमी न जास्त. फक्त सोमवारी उदगीरहून माणूस येऊन यंत्र दुरुस्त करून गेला होता, हे तिला कोणी सांगितलं नाही. दुरुस्तीनंतर यंत्राची भूक वाढली. आता ते साडेतीन खाऊ लागलं.

मुख्याध्यापक रामलिंग सरांनी स्वतः उभं राहून अठ्ठावीस प्रती काढल्या. वर्गात वाटल्यावर सौदामिनीनं पहिली ओळ वाचली आणि लगेच खालच्या सगळ्या तपासल्या. प्रश्नांचे आकडे गेले होते, आणि आकड्यांसोबत 'परि', 'पचन', 'श्वसन', 'उत्सर्जन' हेही गेले होते. एकाखाली एक नीट आखलेल्या संस्था तेवढ्या उरल्या होत्या.

ती घाबरली नाही. तिनं फळ्यावर राहिलेले शब्द लिहिले आणि पोरांकडून पेन्सिलीनं भरून घेतले. सत्तावीस पोरं हजर, सत्तावीस प्रती दुरुस्त. तास संपला तेव्हा तिला स्वतःचं थोडं कौतुकच वाटलं.

अठ्ठाविसावी प्रत आधीच गेली होती, हे तिच्या ध्यानात राहिलं नाही. अप्पांची नात उर्वी तापानं घरी होती. पोरीची चाचणी बुडू नये म्हणून सौदामिनीनं सकाळीच, वर्गात जायच्या आधी, एक प्रत न वाचताच पाकिटात घातली आणि शाळेच्या सेविकेकडं, दानम्माकडं दिली. प्रश्नपत्रिका म्हणून पाकिटावर लाल शाईत 'गोपनीय' असं लिहिलं. दानम्मानं ते इमानानं अप्पांच्या हातात ठेवलं. गोपनीय पाकीट पोरीच्या हातात कशाला द्यायचं?

अप्पांनी जेवायला बसता बसता पाकीट फोडलं.

'संस्थेतील सर्वोच्च भक्षक कोण? त्याला कोणी का खात नाही?'

अप्पांनी घास खाली ठेवला.

'संस्थेत गेलेला घास शेवटी कुठे जातो? क्रमाने लिहा.'

'संस्थेत हवा कुठून शिरते?'

'संस्थेतील घाण बाहेर टाकण्याचे काम कोण करते?'

'संस्थेतील मृतांवर कोण जगते?'

आणि शेवटी, पानाच्या मध्यावर लिहिलेलं, 'वरीलपैकी कोणत्याही एकाची आकृती काढून भागांना नावे द्या.'

बुधवारी सकाळी दानम्मा झाडू टेकवून विज्ञानाच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"मॅडम, कालपासून संस्थेनं अन्नाला हात लावला न्हाई."

"कुठल्या?" सौदामिनी परीक्षानळ्या पुसत म्हणाली.

"एकच हाय की ओ. दुसरी कुटून आनू?"

"ताप अप्पांनाही आला का?"

"ताप न्हाई. तुमचं पाकीट वाचल्यापासनं तक्क्याला टेकून बसून हायेत. वही घेतलीय. लिवून ऱ्हायलेत."

सौदामिनीला बरं वाटलं. आजोबा नातीचा पेपर स्वतः सोडवून बघतायत. गावात शिक्षणाची आवड म्हणतात ती हीच.

दुपारी रामलिंग सर आले. सरांना काळजी वाटली की ते टोपी काढून तिच्या आत बघत. आता ते टोपीत बराच वेळ बघत होते.

"मॅडम, अप्पांनी आपल्या दोघांना पाच वाजता बोलवलंय. मला विचारलं, पेपर बघितला का. मी म्हटलं, हाव, मीच झेरॉक्स काढली. तर म्हणले, 'तुमी पन?' आणि फोन ठेवला."

"तुम्हीपण काय?"

"तेच तर समजंना. पेपरात काय होतं हो?"

"भक्षक, घास, घाण. नेहमीचंच."

सरांनी टोपी घातली, परत काढली. "भक्षकाचं उत्तर काय धरलंय तुम्ही?"

"गरुड."

रामलिंग सर खिडकीकडे चालत गेले. अप्पांच्या जीपवर पुढे पितळेचा गरुड होता. सौदामिनीनं जीपकडे कधी निरखून बघितलं नव्हतं, म्हणून सर एवढे पांढरे का पडले ते तिला कळलं नाही. बी.पी. असावं, असं तिनं ठरवलं.

पाच वाजता अप्पांच्या बैठकीत तक्क्याला टेकून संस्था बसली होती. डाव्या हाताला रामलिंग सर, उजव्या हाताला संस्थेचे सचिव हणमंतराव. हे अप्पांचे मेहुणे. पाकीट अप्पांच्या मांडीखाली होतं.

"मॅडम, ह्ये प्रश्न तुमी काढले?"

"हो अप्पा, मीच."

"कोनाच्या सांगन्यावरनं?"

"कोणाच्या नाही. अभ्यासक्रमातच आहेत."

"म्हंजे छापून आलंय?"

"पुस्तकात आहे. राज्यभर तेच पुस्तक आहे."

अप्पांनी तक्क्या जवळ ओढला. "आन् आपल्या पोरांना बी म्हाईत हाय?"

"काल सत्तावीस जणांनी लिहिलंय. बहुतेकांचं बरोबर आलं. दोघातिघांनी भक्षकाच्या जागी विघटक लिहिलं. त्यांना मी परत समजावीन."

"विघटक कोन?"

"मेलेल्यांवर जगणारे. दिसत नाहीत, पण सगळीकडे असतात. ते आहेत म्हणून तर चाललंय सगळं."

अप्पांनी उजवीकडे बघितलं. हणमंतराव म्हणाले, "माझ्याकडं काय बघता, दाजी?"

"आन् ह्यो घास," अप्पा म्हणाले. "तोंडातनं आत गेल्यावर कुटं कुटं जातो, समदं लिवायचं?"

"क्रमानं. एकही टप्पा सुटला तर मी अर्धा गुण कापते."

"नावं घालून?"

"नावं तर हवीतच. शक्य असेल त्यांनी आकृतीपण काढायची."

रामलिंग सरांना खोकल्याची उबळ आली. सौदामिनीनं त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. एवढ्या सोप्या प्रश्नांवर हे तिघं एवढे गंभीर का, ते तिला उमगत नव्हतं. जीवशास्त्राचा धाक जुन्या पिढीत फार आहे, एवढंच तिच्या ध्यानात आलं.

"घाण बाहेर टाकनारं कोन, मॅडम? तेवढं तुमच्या तोंडून ऐकू द्या."

"दोन असतात. एक डावीकडे, एक उजवीकडे."

रामलिंग सर आणि हणमंतराव दोघंही वीतभर मागे सरकले.

"आमी दानम्मा लिवलं व्हतं," अप्पा खालच्या आवाजात म्हणाले.

"दानम्मा?" सौदामिनी म्हणाली. "दानम्माचा यात काय संबंध?"

"मंग संबंध कोनाचा हाय, ते सांगा की. तीस वर्सं ही संस्था मी डोक्यावर घेऊन फिरलो. पत्र्याच्या दोन खोल्या व्हत्या. आन् आज तुमी पाकिटात घालून इच्चारताव, भक्षक कोन. शनिवारी तुमचा ठराव हाय, मॅडम. मी सही करनार व्हतो."

'व्हतो' ऐकल्यावर सौदामिनीनं सगळे प्रश्न मनातल्या मनात पुन्हा तपासले. तिला खोक्यातला सूक्ष्मदर्शक दिसला, तसाच्या तसा लातूरला परत जाताना. चूक झाली होती, आणि कुठे झाली ते तिला सापडत नव्हतं. असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

तेवढ्यात आतल्या दारात शाल पांघरलेली उर्वी आली.

"अप्पा, माझा पेपर द्या की. मॅडमनी माझ्यासाठी पाठवलाय म्हणं. दानम्मा आत्ता सांगून गेली."

"तुझा?"

अप्पांनी मांडीखालून कागद काढला. सौदामिनीनं तो उलटा दिसत असतानाच वाचला. एकाखाली एक, पट्टीनं आखल्यासारख्या पाच संस्था. डावीकडे काहीच नव्हतं. मग गेल्या पाव तासातलं आपलं एकेक वाक्य तिला क्रमानं आठवलं, एकही टप्पा न सुटता.

"अप्पा," ती म्हणाली, "यात पुढचे शब्द कापले गेलेत. पहिल्या प्रश्नात 'परि' आहे. संस्था नाही. परिसंस्था."

"परि म्हंजे?"

घाईत तिनं सर्वांत अचूक अर्थ दिला. "परि म्हणजे भोवतालचं."

अप्पांनी कागदावरच्या पहिल्या प्रश्नाखाली बोट फिरवलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला.

"भोवतालचं," ते म्हणाले. "म्हंजे संस्था खात न्हाई. संस्थेच्या भोवतालचे खातेत."

"तसं नाही अप्पा. परिसंस्थेत गवत असतं, मग गवत खाणारे..."

"बिलकुल बरूबर. नावं नका घेऊ. समजलं." अप्पांनी उजवीकडे बघितलं. "ऐकलं का, हणमंतराव? तीन वर्सांत मॅडमनी वळखलं. मला तीस लागली."

"अप्पा, एक दुरुस्ती..."

रामलिंग सरांनी सतरंजीवर तिच्या पावलाशेजारी टोपी आपटली. सौदामिनीनं तोंड उघडलं आणि मिटलं. समोर एक वाक्य धडधडीत चुकीचं उभं होतं आणि ती ते दुरुस्त करत नव्हती. आतून चहा आला. अप्पांनी दोन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी पोटात घातलं.

शनिवारी ठराव मंजूर झाला. हणमंतरावांनी अनुमोदन दिलं, सगळ्यांच्या आधी. अप्पांनी मजकूर स्वतः सांगितला. कायम करण्याचं पत्र घेऊन सौदामिनी विज्ञानाच्या खोलीत आली, खोकं फोडलं, सूक्ष्मदर्शक टेबलावर ठेवला आणि मग पत्र वाचलं. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला तिचं नाव होतं. तिसरी ओळ अशी सुरू होत होती, 'परिसंस्थेत कायम करण्यात येत आहे.'

परिसंस्थेत कोणीही कायम नसतं, हे तिनंच मागच्या महिन्यात शिकवलं होतं.

ती पत्र घेऊन रामलिंग सरांकडे धावली.

"अप्पा म्हणले, नुसतं संस्था बरं दिसत नाही," सर म्हणाले. "सही करून ते लातूरला गेले. आता पुढच्या बैठकीपर्यंत काही होत नाही."

"पण शिक्षणाधिकारी कार्यालय हे परत पाठवील. परिसंस्थेची नोंदणीच नाही."

सरांनी टोपीत बघितलं आणि त्यांना उत्तर सापडलं. "मूळ पत्र इथल्या फायलीला राहतं. तिकडं नक्कल जाते. आपल्या यंत्रावरची."

दोघंही यंत्रापाशी गेली. ते घरघरलं, थांबलं, परत घरघरलं आणि कागद बाहेर आला. डावीकडचं साडेतीन सेंटिमीटर गेलं होतं. तिसरी ओळ 'संस्थेत कायम' अशी सुरू होत होती. सौदामिनीनं तीन वर्षांत पहिल्यांदा त्या यंत्रावर हात फिरवला. सरांनी शिक्का मारला, पाकीट बंद केलं, आणि टपाल घेऊन जाणारी एस.टी. गाठायला स्वतः फाट्यावर गेले. एस.टी. गेल्याचा आवाज आला.

यंत्राशेजारी दुसरी प्रत पडली होती. झाडायला आलेली दानम्मा हल्ली साक्षरतेच्या वर्गाला जात होती आणि दिसेल ते बोट ठेवून वाचत होती. तिसऱ्या ओळीवर जायच्या आधी ती दुसरी ओळ वाचू लागली.

"दा... मि... नी. दामिनी यांना." तिनं वर बघितलं. "ही कोन हो, कायम झालेली?"

सौदामिनीनं कागद घेतला. 'परि' जिथे गेलं होतं, त्याच्या बरोबर वर, पट्टीनं मोजून तेवढीच जागा, 'सौ' गेलं होतं.



"मॅडम," दानम्मा झाडू उचलत म्हणाली, "मंग आता तुमाला दामिनी मॅडम म्हनायचं का?"

"नाही," सौदामिनी म्हणाली. "फक्त शिक्षणाधिकारी कार्यालयानं."