वानखडेकाकांची अंबाडी

वानखडेकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी दारावरची घंटा वाजवली नाही. कोटाच्या खिशातून एक लहानशी हातोडी काढून त्यांनी दारासमोरच्या लाकडी पायऱ्या एकेक करून ठोकल्या, प्रत्येक ठोक्याला मान कलती करून कान दिला, आणि दार उघडणाऱ्या माझ्या पत्नीला सांगितले, "तिसरी पायरी पोकळ आहे, वहिनी. जाड पाहुणे मागच्या दाराने घ्या."

पुढच्याच आठवड्यात त्या पायरीतून माझा पाय आरपार गेला. मी जाड नाही, एवढी नोंद येथे करणे मला आवश्यक वाटते.

काका मूळचे अकोल्याचे. सिअ‍ॅटलच्या उत्तरेला, जिथे वर्षातले आठ-नऊ महिने आभाळ गळत असते, तिथे ते सरकारी रस्ते खात्यात पूल तपासत असत. जगातील यच्चयावत वस्तूंसाठी त्यांच्यापाशी दोनच निदाने होती, 'ठणठणीत' आणि 'पोकळ'. भोपळे, टेबले, मोटारींची दारे यांवर ते हातोडी वाजवून निकाल देत आणि तो कधी चुकत नसे. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनाही त्यांनी पोकळ ठरवले होते. त्यांना ठोकले नव्हते, नुसते भाषण ऐकले होते. लग्न काकांनी केले नाही. "मुली पाहिल्या हो, पण लोडचा अंदाज येईना," असे ते सांगत.

ऐंशीच्या दशकातल्या ज्या वर्षाची ही हकिगत, त्या वर्षी ते अमेरिकेच्या नागरिकत्वाची तयारी करत होते. मुलाखत ऑक्टोबरात होती. "अकरा वर्षं मी ज्या पुलाला हातोडी मारतोय," ते म्हणत, "त्याच्या दुरुस्तीवर मत द्यायचा हक्क पुलाखाली मासे पकडणाऱ्याला आहे. मला नाही. हे काय लॉजिक झालं, प्रोफेसर?" प्रोफेसर म्हणजे मी. गावातल्या लहानशा कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे.

मतदानाखालोखाल त्यांचा ध्यास होता अंबाडीचा. दर वसंतात अकोल्याहून बहिणीने पाठवलेले बी ते परसात पेरत, आणि दर जूनमध्ये ती रोपे थंडीपावसाने कुजून जात. "लोड घेत नाही बिचारी," असे म्हणून काका आंबट भाजीविनाच ज्वारीच्या कण्या खात.

त्या वर्षी मात्र अंबाडी जगली. गणपतीला त्यांनी आम्हा चार मराठी कुटुंबांना घरी बोलावले, तेव्हा कुंपणामागे ती पुरुषभर उंच उभी होती. रिमझिम चालू होती, गार वारा होता, आणि झाडे तरारलेली होती. "बघा," काका एका खोडावर हातोडी वाजवत म्हणाले, "पावसाचा लोड घेतेय. ठणठणीत."

मी पाहिले. अंबाडी आणि गांजा यांची पाने सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. पण परसात जो दर्प कोंदला होता, तो अंबाडीच्या माहेरी-सासरी कुणालाच नसतो. माझे कर्तव्य स्पष्ट होते. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "पाने... फार निरोगी आहेत."

लेलेकाकू पदर खोचून पुढे झाल्या. "अहो काका, एक जुडी द्या की. उद्या भाजी करते."

वाटेत भेटलेल्या माणसालाही दोडके देणारे काका झाडांच्या आडवे उभे राहिले. "नको, नको. अजून जून व्हायचीय."

"अंबाडी कोवळी खातात हो."

"ही वेगळी जात आहे," काका म्हणाले, आणि सर्वांना मोदकांकडे घेऊन गेले.

त्यानंतरचा महिना मी फार वाईट काढला. नागरिकत्वाच्या तोंडावर माणूस पकडला गेला, तर मत राहो बाजूला, देशही जाईल. मुलाखतीला आठवडा उरला, तेव्हा मोटारीत वाक्य घोकत मी त्यांच्याकडे गेलो. ते परसातच होते.

"काका, ही अंबाडी नाही."

"आंबट नाही, माहीत आहे," ते शांतपणे म्हणाले. "पहिल्याच दिवशी पान चावून पाहिलं होतं."

मी घोकलेले पुढचे वाक्य निरुपयोगी झाले.

"रोपं वॉल्टरची आहेत," त्यांनी शेजारच्या घराकडे हनुवटीने दाखवले. वॉल्टर हा जंगलात झाडे तोडण्याच्या कामावरून निवृत्त झालेला एकटा म्हातारा. गेली कित्येक वर्षे तो रोज साडेपाचला काकांकडे जेवायला येई आणि ठेचा खाऊन, डोळे पुसत, आणखी मागे. "त्याची केमोथेरपी चालू आहे. अन्न पोटात ठरत नाही. हे घेतलं की दोन घास खातो. त्याला वाकवत नाही, म्हणून मी लावलं."

"पण तुमची मुलाखत?"

"पुढे ढकला म्हणून कळवलं. अर्जात विचारतात, पकडला न गेलेला एखादा गुन्हा केलाय का. शपथेवर. खोटा रिपोर्ट मी आजवर दिलेला नाही, प्रोफेसर."

"पुढे ढकलायला कारण काय दिलंत?"

"शेतीची कामं."

तेवढ्यात साडेपाच झाले. आता काकाच ताटे घेऊन वॉल्टरकडे जात. त्यांनी मलाही ओढून नेले. वॉल्टर खिडकीपाशी शाल घेऊन बसला होता. त्याच्या शर्टात आणखी एक माणूस मावला असता. अर्धी भाकरी खायला त्याला पाऊण तास लागला. काका ताटातला घास हातात धरून, त्याच्या प्रत्येक घासाबरोबर थांबत होते. "एकट्याने मलाही जात नाही," ते मला हळूच मराठीत म्हणाले.

जेवण संपल्यावर वॉल्टरने विचारले, "वेल, इन्स्पेक्टर?"

काकांनी हातोडी काढली नाही. त्याच्या पाठीवर दोन बोटांनी हलकेच वाजवले, मान कलती करून बराच वेळ ऐकले, आणि त्यानेही केव्हाच पाठ केलेल्या मराठी शब्दात सांगितले, "ठणठणीत."

त्यांनी दिलेला खोटा रिपोर्ट मी ऐकला, तो तेवढाच.