हेडक्लार्क बोटीनं जेवायला जातात

"रविवारी आम्ही बोटीनंच येणार," असं हेडक्लार्कांनी साडूंना फोनवर ठणकावून सांगितलं आणि स्वतःच्या निवांत निवृत्तीचे बारा वाजवून घेतले.

साडू तलावाच्या पलीकडच्या काठावर राहत. "मी येतो की गाडी घेऊन न्यायला. ती तुमची बोटीची मोटर म्हणजे..." एवढंच बोलून ते हसले होते. ते हसणं हेडक्लार्कांच्या जिव्हारी लागलं. आता साडूंच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या मोटरीवर पलीकडे उतरायचं, बाकी काही नको. वय झालं की माणसाच्या इच्छा लहान होतात, हट्ट मात्र तेवढाच राहतो.

मोटर जुनी, बोटीच्या मागे अडकवायची. दोरी ओढली की चालू व्हायची, थोडा वेळ गुरगुरायची आणि धाप लागल्यासारखी बंद पडायची. हेडक्लार्कांनी तिला अंगणात पाण्याच्या पिंपात उभं केलं आणि आठवडाभर तिची सेवा केली. आधी प्लग बदलला. मोटर बंद पडली की पेट्रोल आहे ना म्हणून ते टाकीचं झाकण उघडून बघत, परत लावत, दोरी ओढत. मोटर चालू!

"प्लगच होता," हेडक्लार्क म्हणाले. थोड्या वेळानं बंद.

मग पेट्रोलची नळी बदलली. झाकण उघडून पाहिलं, लावलं, दोरी ओढली. चालू.

"नळीच होती. मी सांगत नव्हतो?"

"कुणाला सांगत होता?" बायकोनं विचारलं.

तेवढ्यात मोटर बंद. शेवटी त्यांनी कार्ब्युरेटर सुटा करून स्वयंपाकाच्या ओट्यावर मांडला. बायको काहीच बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा हेडक्लार्कांना जास्त धास्ती वाटते, म्हणून त्यांनी ओटाही पुसून दिला.

रविवारी दोघं निघाली. बायको नव्या कपड्यांत, टाकीशेजारी, अंग चोरून बसलेली. तलावाच्या मध्यावर मोटर थांबली. हेडक्लार्कांनी झाकण उघडून पाहिलं, पेट्रोल होतं. दोरी ओढली, निघाले. पुन्हा थांबली. पुन्हा झाकण, पुन्हा दोरी. असं होता होता खांदा निखळायचा तेवढा बाकी राहिला. धापा टाकत बसले असताना त्यांना दिसलं, की बायकोचा हात हळूच टाकीच्या झाकणाकडे गेला आणि त्यावरचा छोटा स्क्रू तिनं करकचून पिळला.

"हे काय करतेस?"

"घट्ट करतेय. वास येतो पेट्रोलचा. घरीसुद्धा रोज मीच करत होते. तुम्ही कधी कुठलं झाकण धड लावलंय?"

हेडक्लार्कांनी कपाळाला हात लावला. त्या स्क्रूमधून टाकीत हवा जाते. हवा आत गेली नाही, तर पेट्रोल बाहेर येत नाही. स्क्रू सैलच आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. ते झाकण उघडत तेव्हा हवा आत जायची, मोटर चालायची, आणि श्रेय मिळायचं प्लगला.

"अगं, तो मोटर चालताना सैल ठेवायचा असतो."

"मग तसं सांगायचं. मला काय स्वप्न पडतं?"

भांडायला अंगात त्राण नव्हतं. त्यांनी स्क्रू सैल केला. मोटर जी चालली, ती थेट पलीकडच्या काठापर्यंत, एकदाही न खोकता. हेडक्लार्कांनी केस नीट केले, ताठ बसले. पण काठावर कुणीच नव्हतं. वर घरापर्यंत गेले, तर दाराला कुलूप. त्यांनी फोन लावला.

"आम्ही तुमच्या दारात उभे आहोत."

"आणि आम्ही तुमच्या," साडू म्हणाले. "किती वेळ वाट बघायची? म्हटलं, मोटर काही चालायची नाही. सगळं जेवण डब्यांत भरून गाडीनं इकडेच आलो. तुम्ही टॅक्सी केलीत वाटतं?"

"बोटीनं आलो, बोटीनं."

"बरं, बरं," साडू म्हणाले. लहान मुलाला म्हणतात तसं.

हेडक्लार्कांनी फोन बायकोपुढे धरला. एवढी एकच साक्षीदार होती त्यांच्याकडे. "सांग यांना. मोटर कशी चालली ते सांग."

बायकोनं एकदा तलावाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या खांद्याकडे पाहिलं.

"ताईला म्हणावं, तुम्ही जेवून घ्या," ती फोनमध्ये म्हणाली. "आम्ही बोटीनं येतोय."