विसंगतीमुक्त रस्त्यासाठी योग्य टायर

बदलापूरच्या हरिचंद्र भोपींच्या सात सीटांच्या व्हॅनचे चारही टायर पार गुळगुळीत झाले होते. इतके, की शेवटच्या खेपेला पंक्चरवाल्याने हवा भरण्याऐवजी हातच जोडले. त्यात रविवारी थोरल्या मुलीचा, जिज्ञासाचा, वांगणीला साखरपुडा. घरची माणसं, फळांच्या परड्या, लाडवांचे डबे आणि खिडकीशिवाय न बसणारी भोपींची आई चिमीबाई, हे सगळं त्याच व्हॅनमधून न्यायचं होतं. तेव्हा नवे टायर घेणे अत्यावश्यक आहे, असा ठराव घरात एकमताने संमत झाला. भोपींच्या घरात एकमताने झालेली ही पहिलीच गोष्ट. खरं तर तिथेच त्यांना शंका यायला हवी होती.

भोपी 'रस्ते सुस्थिती कक्ष' नावाच्या कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. या कचेरीत 'खड्डा' हा शब्द उच्चारायला बंदी होती. खड्ड्याला 'पृष्ठभागीय विसंगती' म्हणायचं. त्यात पाणी साठत असेल तर 'जलसंधारणक्षम विसंगती'. वांगणीकडे जाणारा जोडरस्ता कक्षाने गेल्याच वर्षी 'संपूर्ण विसंगतीमुक्त' म्हणून जाहीर केला होता. त्या अहवालाची भाषा भोपींची. ती इतकी रसाळ उतरली होती, की त्यांना शाल आणि नारळ मिळाला. नारळ घरी नेताना मात्र मनात थोडं टोचलं, कारण घर त्याच रस्त्यावर होतं.

शनिवारी ते मुलाला, दिपेशला, घेऊन उल्हासनगर कॅम्प चारमध्ये परसराम सेठच्या टायरच्या दुकानात गेले. दिपेश कित्येक दिवस मोबाईलवर टायरचे व्हिडिओ बघत होता. हल्ली तो टायरविषयी अशा जिव्हाळ्याने बोलायचा, की साखरपुडा त्याचाच आहे असं वाटावं.

"रस्ता कौनसा है, साईं?" सेठने विचारलं.

"वांगणी जोडरस्ता."

सेठने चष्मा काढून पुसला आणि आत आवाज दिला. "अरे, साहब के लिए चाय बोलो. जोडरस्तेवाले हैं." मग भिंतीला टेकवलेला एक दणकट टायर त्याने बैलाची पाठ थोपटावी तसा थोपटला. "ऑल सीझन ले जाओ. गर्मी, बारिश, ठंडी, चारों मौसम चलेगा."

"हे तीनच झाले," भोपी म्हणाले. कचेरीत बेरजा तपासायची सवय होती.

"चौथा खुदाई का! अपने इधर का मेन सीझन तो वही है. पहले पाइपवाला खोदता, फिर केबलवाला खोदता, फिर दोनों मिलके खोदते कि पाइप डाला किधर था."

दिपेशने टायरच्या नक्षीत बोट घालून पाहिलं. ते पेरभर आत गेलं. "पप्पा, एक नंबर! ह्याची बाजू बघा कसली जाड आहे. कितीपण खड्ड्यात आपटा, ह्याला काय फरक नाय पडत."

भोपी हो म्हणणार, एवढ्यात मागे कुणीतरी खाकरलं. कक्षप्रमुख हिंदुराव साहेब! दुकानाबाहेर त्यांची गाडी जॅकवर चढली होती आणि तिला ट्रॅक्टरनेही लाजावं असे टायर बसत होते.

"ती मेहुण्याच्या नावावर आहे," साहेबांनी न विचारताच खुलासा केला. "माझं सोडा. भोपी, तुम्ही हे काय घेताय?"

"ऑल सीझन, सर."

"कुठल्या रस्त्यासाठी?"

भोपींनी चहाचा कप खाली ठेवला.

"अहवाल कुणी लिहिला? तुम्ही. रस्ता विसंगतीमुक्त कुणी म्हटला? तुम्ही. आता अहवालकर्ताच जाड बाजूचे टायर घेऊ लागला, तर जनतेने काय अर्थ काढायचा? उद्या माहितीच्या अधिकारात कुणी तुमचे टायर मागवले म्हणजे?"

"पण सर, मुलीचा साखरपुडा..."

"म्हणूनच सांगतो. शुभकार्याला निघताना शासनावर अविश्वास दाखवू नये."

साहेबांनी स्वतः दुकानभर फिरून एक टायर पसंत केला. पातळ, तुकतुकीत, अजिबात आवाज न करणारा. परसराम सेठ हादरला. "साहब, ये तो संगमरवर पे चलाने का है!"

"अहवालात आमचा रस्ता तसाच आहे," साहेब म्हणाले.

"पण आम्हाला अहवालात नाय, वांगणीला जायचंय," दिपेश कळवळला. त्याचं कुणी ऐकलं नाही. टायर चढले. साहेबांनी भोपींना टायरवर हात ठेवून उभं केलं, फोटो काढला आणि कचेरीच्या ग्रुपवर टाकला. 'आमचा रस्ता, आमचा विश्वास.' भराभर अंगठे आले. अंगठे देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या रस्त्याने जाणं केव्हाच सोडलं होतं.

रविवारी व्हॅन निघाली. भोपी इतक्या बेताने चालवत होते, की एक म्हैस त्यांना मागे टाकून पुढे गेली आणि तिने वळून पाहिलं. चिमीबाईने खिडकीबाहेर डोकं काढलं.

"आरं हरिचंद्र, यो रस्ता हाय का नांगरलेला शेत? थांबव जरा, भात लावून घेव."

"आये, ती विसंगती आहे. किरकोळ."

तेवढ्यात आणखी एक किरकोळ विसंगती आली. पुढचं डावं चाक तिच्यात उतरलं आणि फट्ट झालं. मागचं चाक पुढच्याची विचारपूस करायला गेलं, तेही तिथेच बसलं. लाडू डबा सोडून जिज्ञासाच्या मांडीवर आले. स्टेपनी एक आणि फुटलेली चाकं दोन. मुहूर्त जवळ आला होता.

"पप्पा, तिकडे सगळे वाट बघत असतील हो," जिज्ञासा म्हणाली. आवाज रडवेला झाला होता.

दिपेशने तणतणत सुस्थिती कक्षाचा मदत क्रमांक लावला. भोपींच्या खिशातला फोन वाजला. रविवारची पाळी त्यांचीच होती आणि मदत क्रमांक त्यांच्याकडे वळवलेला होता. सवयीने त्यांनी तो उचलला.

"नमस्कार, रस्ते सुस्थिती कक्ष."

"आमची गाडी खड्ड्यात अडकलीय!" दिपेश त्यांच्या तोंडासमोर उभा राहून ओरडला.

"रस्त्याचं नाव?"

"पप्पा!"

"रस्त्याचं नाव सांगा."

"वांगणी जोडरस्ता!"

"सदर रस्ता विसंगतीमुक्त आहे. त्याअर्थी आपली गाडी रस्त्यावर नसावी. कृपया ती रस्त्यावर आणून पुन्हा संपर्क साधावा. धन्यवाद."

फोन खिशात ठेवून भोपींनी मान वर केली. जिज्ञासाचं रडू थांबलं होतं. खिडकीपलीकडच्या अनोळखी कारकुनाकडे बघावं तशी ती बापाकडे बघत होती.

"पप्पा, हे तुम्ही सगळ्यांनाच सांगता?"

उत्तर लेखी मागितलं असतं, तर भोपींना कदाचित देता आलं असतं.

अखेर नवऱ्या मुलाचे वडील बाळाजी आपली सगळी मंडळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तिथे आले. मुहूर्त टळू नये म्हणून साखरपुडा खड्ड्याच्या काठावरच उरकायचं ठरलं. एका काठावर नवरा मुलगा सुयोग, दुसऱ्या काठावर जिज्ञासा. मधल्या पाण्यावरून हात लांबवून अंगठी घातली गेली. टेम्पोवाले थांबून लाडू खाऊन गेले, रिक्षावाल्यांनी व्हिडिओ काढले. चिमीबाईने पाण्याला हळदकुंकू वाहिलं. "एवरा पानी हाय, तलावच समजाचा," ती म्हणाली.

सोमवारी भोपी धीर करून साहेबांपुढे उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कचेरीत तो शब्द उच्चारला. "सर, तिथे खड्डा आहे. मी स्वतः त्यात होतो."

साहेबांनी व्हिडिओ पाहिला होता. "खड्डा कसला? तिथे मंगलकार्य झालंय. लोकांच्या भावना गुंतल्यात, भोपी. बुजवला तर उद्या मोर्चा येईल."

खड्ड्याची नोंद 'सार्वजनिक मंगलस्थळ' अशी झाली. पुढच्याच आठवड्यात तिथे आणखी दोन साखरपुडे लागले. तिसऱ्याला वशिला लावावा लागला.

वांगणीच्या पाहुण्यांना मात्र कळवळा आला. मुलीचा बाप लग्नालाही असाच अडकला तर? बाळाजींनी आहेर म्हणून ऑल सीझन टायरांचा अख्खा संच पाठवून दिला. ते चढवून भोपी प्रथमच त्या जागेवरून गेले, तेव्हा त्यांनी स्टेपनी आधीच हाताशी काढून ठेवली होती. काहीच झालं नाही. ते मागे फिरून पुन्हा गेले. तरी काही नाही. नुसता पाळण्यासारखा एक झोका.

यंदाच्या पाहणीला भोपींनी स्वतःची व्हॅन नेली, काच खाली न करता सगळा रस्ता फिरून आले आणि कचेरीत बसून, या खेपेला अगदी प्रामाणिकपणे, लिहिलं, 'विसंगती आढळली नाही.' आता मनात टोचत नाही.

बाकी, तुम्हीही असल्याच कुठल्यातरी रस्त्याने रोज जात असाल. खड्ड्याची तक्रार तुम्ही शेवटची केलीत, ती नवे टायर घेण्याआधी, की नंतर?