चहा सांडला की पेशंट सांडला

कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत मी राहायला आलो तेव्हा माझ्या एका हातात वळकटी होती आणि दुसऱ्या हातात बादली. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशी एक बुटके, ताठ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे होते. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारलं, "उंची किती?"

"पाच फूट पाच," मी म्हणालो. माझ्या लग्नाच्या बायोडाटात तेवढीच होती.

"भिंतीला लाग."

त्यांनी खिशातून टेप काढली, माझ्या डोक्यावर पट्टी आडवी धरली आणि वहीत लिहिलं. "पाच-तीन. दोन इंच जिन्यात सांडले वाटतं." आणि घरात गेले.

हे हवालदार शिर्के, म्हणजे आमचे शिर्केकाका. त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

त्या दिवशी मात्र मला काहीच कळेना. शहाद्याकडचा मुलगा मी. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला, नंदेसरीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून बडोद्याला आलेला. मला वाटलं, शहरात असंच विचारत असतील. खाली सोसायटीचे सेक्रेटरी जशुभाई भेटले. सहा फूट उंच, आणि मराठी त्यांची स्वतःची. ते म्हणाले, "गभरावचं नाही. शिर्केसाहेब सगळ्यांची उंची घेते."

"कशाला?"

जशुभाईंनी आकाशाकडे बोट केलं. "आपल्याला तिकडे पोचवावं लागेल ने, तेव्हा चार खांदे बराबर पाहिजे."

अर्धी सोसायटी हेच समजून होती. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी तर नवऱ्याची उंची मोजू दिली नव्हती. "आमची घाई नाही," असं त्यांनी दारातूनच कळवलं होतं.

खरी गोष्ट मला पुढच्या रविवारी समजली. काका सैन्याच्या वैद्यकीय दलात होते. जखमी माणसाला स्ट्रेचरवरून डोंगर उतरवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन आले ते या तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत. इथली म्हातारी माणसं एकदा वर चढली की सणालाही खाली येत नाहीत, हे त्यांनी पाहिलं. मग एका लाकडी आरामखुर्चीला त्यांनी दोन बांबू बांधले आणि वही सुरू केली. "मेलेला माणूस कसाही जातो," ते म्हणायचे, "जिवंत माणसाला नीट न्यायला शिकावं लागतं. माणूस म्हणजे गोणी नाही."

दर रविवारी सकाळी कवायत. नियम असा, की उंच माणसं कायम खालच्या पायरीच्या बाजूला, बुटकी वरच्या. म्हणजे चढताना बुटके पुढे, उतरताना उंच पुढे. खुर्चीत पेशंट म्हणून जशुभाईंना बसवायचे, कारण "हा उचलला तर कुणीही उचलला जाईल." आणि जशुभाईंच्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप. तो न सांडता तीन मजले खाली आणि परत वर.

"चहा सांडला की पेशंट सांडला," काका ओरडायचे. "परत."

"साहेब, चहा थंडा झाला," जशुभाई म्हणायचे.

"पेशंट बोलत नाही."

"पेशंटला पण चहा गरम पाहिजे ने."

काकांची आणि माझी उंची एकच, म्हणून मी त्यांच्या जोडीला. डावा बांबू त्यांचा, उजवा माझा. माझं पाऊल अर्ध्या इंचाने जरी चुकलं तरी ते न बघता म्हणायचे, "ग्रॅज्युएट, झोपलास का?"

त्यांचा खरेपणा मला महागात पडला तो निराळ्याच बाबतीत. एका मुलीकडचे लोक माझी चौकशी करायला सोसायटीत आले आणि नेमके काकांना भेटले. काकांनी सांगितलं, "मुलगा रत्न आहे. निर्व्यसनी. उंची पाच-तीन, मी स्वतः मोजली आहे." ते लोक वर आलेच नाहीत. मी चिडून विचारायला गेलो तर म्हणाले, "लग्न म्हणजे आयुष्यभर एक बांबू धरायचा. माप खोटं सांगून जोडी जमत नाही." पुढे ज्या मुलीशी माझं लग्न झालं तिला मी पहिल्याच भेटीत पाच-तीन सांगितलं. ती हसली. तेवढ्यावर जमलं.

माझी आई खुब्याच्या ऑपरेशनसाठी गावाहून आली, तेव्हा हीच खुर्ची कामी आली. आईने जन्मभर डोक्यावर पाट्या वाहिल्या. ती बसायलाच तयार नव्हती. "लोकांनी मला उचलायचं? मी काय देव आहे?" काकांनी तिच्या हातात चहा दिला आणि म्हणाले, "आजी, तुमचं काम एवढंच, हा सांडायचा नाही." खाली पोचल्यावर आई रिकाम्या कपाकडे बघत राहिली. चहा तिने वाटेतच पिऊन टाकला होता. काकांनी वहीत शेरा लिहिला, 'उत्तम.'

फक्त एका माणसाला या खुर्चीत आम्ही कधी पाहिलं नव्हतं. सुमनकाकूंना. काकांच्या पत्नी. सात वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली होती. काका त्यांची वेणी घालत. तीही कवायतीसारखी, तीन पेड एका मापाचे. घरात सगळं तेच करत. वर्षभर काकू घराबाहेर दिसायच्या नाहीत. फक्त उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, आम्ही पतंग घेऊन गच्चीवर जावं, तर त्या आधीच टाकीच्या सावलीत बसलेल्या असायच्या, मांडीवर फिरकी घेऊन. "काकू कशा आल्या?" असं कुणी विचारलं की काका म्हणायचे, "ती लवकर उठते." आम्ही खुर्चीचं सुचवलं तर, "तिचं वेगळं आहे," एवढंच.

मग एका डिसेंबरात काकांचा मणका सरकला. डॉक्टरांनी कमरेला पट्टा बांधला आणि पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही म्हणून बजावलं. रविवारची कवायत ते स्टुलावर बसून घेऊ लागले.

उत्तरायणच्या सकाळी मी पतंग घेऊन वर निघालो. सगळ्या गच्च्यांवर स्पीकर लागले होते. तिसऱ्या मजल्यावर काका दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, त्यावर पट्टा.

"अरे," ते म्हणाले, "तुझी उंची किती?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. "पाच-तीन. तुमच्या वहीत आहे की."

"हो. आहे." ते गच्चीच्या जिन्याकडे बघत होते. "माझ्याएवढीच ना?"

त्यांच्या मागे, खोलीत, काकू नवी साडी नेसून पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मांडीवर फिरकी होती.

मी पतंग तिथेच टाकले आणि जशुभाईंना हाक मारली. ते मुलाला आणि पहिल्या मजल्यावरच्या ट्यूशनवाल्या मेहतासरांना घेऊन आले. मेहतासर आणि मी पुढे, जशुभाई आणि त्यांचा मुलगा मागे. काकूंच्या डाव्या हातात चहाचा कप. तो काकांनीच भरला, काठोकाठ.

सगळे हुकमाची वाट बघत होतो. काका मात्र काकूंचा पदर नीट करत राहिले.

"तयार?" काकू म्हणाल्या. "उठाव. जशुभाई, डावा पाय आधी. ग्रॅज्युएट, झोपू नकोस."

सगळी कवायत त्यांना पाठ होती. सात वर्षं खोलीत बसून ऐकलेली. आम्ही चढू लागलो. काका कठडा धरून मागे.

"यांना म्हटलं होतं, मुलांना बोलवा," काकू आमच्याशी बोलल्यासारख्या बोलत होत्या. "दर वर्षी कुणी उठायच्या आत मला पाठीवर घेऊन चढायचे. दुसऱ्यांसाठी लोकांना बोलवायला लाज वाटायची नाही, फक्त माझ्यासाठी वाटायची."

"पेशंट बोलत नाही," काका मागून हळूच म्हणाले.

 जशुभाई खाली मान घालून पायऱ्या बघत होते.

टाकीच्या सावलीत आम्ही खुर्ची टेकवली. एक थेंबही सांडला नव्हता. नेहमीसारखी तपासणी करायला काका पुढे आले आणि काकूंच्या हातातून कप घेतला. कप त्यांच्या हातात कलला. चहा बोटांवर आला, मग पट्ट्यावर, मग इस्त्रीच्या शर्टावर.

"अहो, सांडला," काकू म्हणाल्या.

"सांडू दे," काका म्हणाले, आणि फिरकी सोडवायला त्यांच्या शेजारी खाली बसले.