न पटलेलं गिऱ्हाईक

सुटल्यावर बंद्यांनी काहीतरी धंदा करावा म्हणून खुशाल मास्तर तुरुंगात दुकानदारी शिकवत. आज बाजाराचा दिवस, म्हणून लच्छूची परीक्षा: फाटकाबाहेर बसून स्वतः विणलेल्या टोपल्या विकायच्या. घराच्या आढ्यासाठी सरकारी साग तोडला म्हणून लच्छू आत आला, तेव्हा त्याची बायको सोमारी पोटुशी होती. बाळाचं तोंड त्यानं अजून पाहिलं नव्हतं.

नेमकी आजच ती बाळ पाठीशी बांधून, रान तुडवत आली.

"आज भेट नाई, बाई," शिपाई इस्तारी म्हणाला. "आज फक्त गिऱ्हाईक."

सोमारीनं मांडलेल्या टोपल्यांकडे पाहिलं. मग सरळ लच्छूपुढे येऊन बसली. "टोपली केवढ्याले?"

"मावन तेवढं धान," लच्छू म्हणाला.

त्यांच्या गावात टोपलीचा भाव असाच: तिच्यात मावेल तेवढं धान. घेणारीनं आधी ती भरून पाहायची. सोमारीजवळ धान कुठलं? तिनं टोपलीत बाळ ठेवलं.

लच्छूनं बाळाला हळूच उचललं. "हे बारकी होते. दुसरी पाहा."

"हे उथळ हाय."

"मंग हे पाहा."

बाळ या टोपलीतून त्या टोपलीत जाऊ लागलं. उचलून ठेवायचं काम मात्र लच्छूच करी. 'माल दाखवताना कंटाळू नये,' हे मास्तरांनीच शिकवलेलं. ते दुरून खूश.

बाजाराला निघालेली कुंता थबकली. "अवो, जेलात लेकराच्या टोपल्या निघाल्या!" तिनंही आपलं पोर टोपलीत घातलं. मग चंदाबाईनं नातू. मग रांगच लागली. फाटकापुढे एकच रडारड!

"अवो, हा माहा नोहे! माहा कुठी गेला?"

इस्तारी बिचारा खुळखुळ्यासारख्या किल्ल्या वाजवू लागला.

जेलरसाहेब धावत आले. "मास्तर, हा तुरुंग आहे की पाळणाघर?"

"साहेब, सगळा माल खपला! एकच टोपली उरली."

"आणि ही बाई सकाळपासून बसलीय ती?"

"भाव जमून नाई राह्यला, साहेब," लच्छू म्हणाला. बाळ त्याच्या खांद्यावर झोपून गेलं होतं.

मास्तरांनी बाळाचे कान पाहिले. पुढे आलेले, सुपासारखे. मग लच्छूचे पाहिले. ते खाकरले.

"नापास!" आवाज होईल तेवढा कडक करून ते म्हणाले. "पुढच्या बाजारीही इथंच बसायचं. हे गिऱ्हाईक पटेपर्यंत परीक्षा चालू."

सोमारीनं उरलेली टोपली उलटीसुलटी करून पुन्हा खाली ठेवली.

"मले काई घाई नाई, मास्तर."