विहीणबाईंची पिशवी

"आज माझ्या हातून काही म्हणजे काही फुटणार नाही!" को चिन-तुंग यांनी सकाळी छातीठोकपणे जाहीर केलं. "कारण मी घरातच नसणार, डोंगरावर जाणार!"

ऐकून त्यांच्या बायकोचा, स्यू-लानचा, जीव भांड्यात पडला. ते भांडंही शाबूत राहिलं, हे महत्त्वाचं!

कारण तो तिसरा दिवस होता. त्यांची एकुलती एक लेक यी-रू आणि त्साय घराण्यातला मुलगा, दोघांच्या जन्मवेळा लाल कागदावर लिहून दोन्ही घरांत पूर्वजांपुढे ठेवल्या होत्या. तीन दिवस दोन्ही घरांत काही फुटलं नाही, चोरीला गेलं नाही, कुणाचं कुणाशी वाजलं नाही, की पूर्वजांना स्थळ पसंत! एक वाटी जरी फुटली तरी स्थळ गेलं. यी-रूला चौतिसावं लागलेलं. आणि को म्हणजे असा माणूस, की काओश्युंगच्या बंदरात तीस वर्षं क्रेन चालवून एक खोका कधी पाडला नाही, पण घरात बशी उचलली की ती फुटलीच म्हणून समजा.

"डोंगरावर काय फुटणार? दगड?" को म्हणाले. "आणि माकडांचं म्हणशील, तर वीस वर्षं रोज चढतोय. माकडं मला वाट देतात!"

स्यू-लानच्या जिभेवर एक झणझणीत उत्तर आलं होतं. पण आज भांडण नको म्हणून तिने ते गिळलं आणि गोड हसली.

को पाठीवर पाण्याचे दोन कॅन घेऊन निघाले. वर चहाच्या मांडवात येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा फुकट, पण त्याचं पाणी चढणाऱ्यांनीच खालून न्यायचं. वडाच्या मुळांवरून, प्रवाळाच्या खडकांमधून दोन वळणं चढले, तर समोर कोण? साक्षात त्साय बाई! मुलाची आई. मासळीबाजारात लिलाव पुकारून पुकारून असा आवाज कमावलेली बाई, की कुजबुजली तरी तीन दुकानं ऐकतात.

"विहीणबाई! तुम्ही इथे?"

"जावेने हाकललं हो! म्हणाली, तुम्ही घरात थांबलात की भांडण ठरलेलं. संध्याकाळपर्यंत तोंड दाखवू नका!"

कोंना एकदम आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. पण मग त्यांची नजर बाईंच्या हाताकडे गेली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची प्लास्टिकची पिशवी! आत पेरू आणि शेंगदाण्याची वडी. या डोंगरावर पिशवी वाजणं म्हणजे माकडांना पंगतीची हाळी. पण बाईंना सांगायचं कसं? चूक दाखवली आणि बाई बिथरल्या, तर वाद! वाद झाला, तर लग्न गेलं!

"विहीणबाई, पिशवी छान आहे हो तुमची," कोंनी आडून सुरुवात केली.

"कसली छान! बाजारातली आहे."

"नाही, म्हणजे... आवाज फार करते."

"करते ना!" बाईंनी कौतुकाने पिशवी खळखळ वाजवून दाखवली.

संपलं! पक्षी एकदम गप्प झाले. वरची पानं हलली, मग बाजूची, मग मागची. खडकामागून एक डोकं वर आलं, मग दहा, मग मोजणंच खुंटलं. आणि त्या सगळ्यांच्या मधून, जराही घाई न करता, तो उतरला. म्होरक्या! वरचा ओठ एका जुन्या जखमेने चिरलेला, खांदे हमालासारखे. तो थेट त्साय बाईंसमोर येऊन उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. झडप नाही, दात विचकणं नाही. नुसता हात!

आणि ज्या बाईपुढे अख्खा बाजार चळचळा कापतो, तिने निमूटपणे पिशवी त्याच्या हातात दिली.

"चो...!" भानावर येताच बाईंनी तोंड उघडलं.

"तो शब्द काढू नका!" कोंचा आवाज फाटला. "घरची वस्तू चोरीला गेली तर अपशकुन! आजच्या दिवशी आपण हे दिलं. आपल्या खुशीने!" आणि त्यांनी कॅनसकट वाकून हात जोडले. "घ्या राजे! आमच्याकडून!"

म्होरक्याने खडकावर बैठक मारली. पिशवीला कोळिणीची गाठ होती. बाई पुटपुटल्या, "माझ्या मुलाला ती अजून सुटत नाही हो." म्होरक्याने ती निरखली, नखाने एक पदर ढिला केला, दुसरा ओढला, गाठ सुटली! पहिला पेरू त्याने बाजूला ठेवला. एक म्हातारी, एका डोळ्याने आंधळी माकडीण सावकाश आली, पेरू घेऊन गेली. तोवर एवढ्या टोळीतल्या एकानेही हात लावला नव्हता. पिल्लं आयांच्या पोटाला चिकटून नुसती बघत होती.

कोंनी पाठीवरचे कॅन खाली टेकवले. वीस वर्षं ते या वाटेने चढत होते, आणि माकडं आपल्याला वाट देतात म्हणून मिरवत होते. अरे, घर त्यांचं, वाट त्यांची! आपण रोज दुसऱ्याच्या दिवाणखान्यातून न विचारता जातोय, हे त्यांना आज कळलं आणि फार लाज वाटली. शेजारी त्साय बाईंचे डोळे भरून आले होते. "आमच्या घरात म्हातारीला पहिलं ताट कुणी देत नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. खरंच हळू!

"काय चाललंय इथे?"

हिरव्या जाकिटातली गस्तवाली मुलगी वर आली होती. "काकी, पिशवी माकडांनी पळवली, की तुम्ही खायला दिलंत? पळवली असेल तर काही नाही. दिलं असेल तर दंड!"

को आणि त्साय बाईंनी एकमेकांकडे पाहिलं. पळवली म्हणावं, तर चोरी. चोरी, तर लग्न गेलं.

"मी दिलं!" को ताठ उभे राहून म्हणाले.

"छे हो, पिशवी माझी, मी दिलं!"

"विहीणबाई, मान माझा आहे!"

"व्याहीबुवा, सांगून ठेवते, मध्ये पडू नका!" बाईंचा आवाज लिलावाला चढला आणि झाडांवरची माकडंसुद्धा दोन फांद्या मागे सरकली. मग दोघांनाही एकदम आठवलं: भांडण! दोघं घाईघाईने एकमेकांना नमस्कार करत गोड हसू लागले.

"आयुष्यात पहिल्यांदा कुणी दंडासाठी रांग लावतंय," मुलगी म्हणाली आणि तिने दोघांनाही पावती फाडली.

संध्याकाळी स्यू-लानने लाल कागद उतरवला. त्साय बाईंचा फोन आला, "आमच्याकडे सगळं जिथल्या तिथे!" स्यू-लान रडायलाच लागली. को म्हणाले, "पूर्वजांची कृपा," आणि त्यांनी पूर्वजांपुढे हात जोडले.

यी-रू बराच वेळ चुळबुळ करत होती. शेवटी तिने आपलं ओळखपत्र टेबलावर पालथं ठेवलं. मागच्या बाजूला, जोडीदाराच्या रकान्यात, त्सायांच्या मुलाचं नाव छापलेलं होतं.

"बाबा, रागावू नका. आम्ही दोन महिन्यांपूर्वीच नोंदणी कचेरीत जाऊन आलो. लाल कागदांनी नाही म्हटलं असतं तर, या भीतीने..."

स्यू-लानने श्वास रोखून नवऱ्याकडे पाहिलं. आता घर डोक्यावर घेणार!

कोंनी खिशातून पावती काढली, दोनदा वाचली आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "म्हणजे... चोरीच झाली म्हणालो असतो, तरी चाललं असतं?"