घोरपडबाईंचा आठ

एका जंगलात, मुलांनो, सगळ्या प्राण्यांनी मोटारसायकली घेतल्या. का घेतल्या, असं विचारू नका. शेजारच्या जंगलाने घेतल्या होत्या, म्हणून घेतल्या.

घेतल्या तसे सगळे पडूही लागले. अस्वल मोहोळावर पडलं. रानडुक्कर आपल्या सासऱ्यावर पडलं. तोवर कुणाला काही वाटलं नाही. पण एके दिवशी खुद्द सिंहमहाराज राणीसाहेबांच्या देखत चिखलात गेले. महाराज पडले नसून चिखलाची पाहणी करायला उतरले होते, असं दरबारात जाहीर झालं. आणि लगेच दवंडी पिटली गेली. नवशिक्यांनी तीन दिवस सुरक्षिततेचा वर्ग करावा, चौथ्या दिवशी परीक्षा द्यावी. परवाना नसेल त्याची मोटारसायकल खिंडीतल्या नाक्यावरून पलीकडे सोडली जाणार नाही.

महाराजांना वर्ग माफ होता. सुरक्षितता प्रजेसाठी असते, हे तुम्हाला मोठेपणी कळेल.

या वर्गात घोरपडबाईंनी नाव घातलं. घोरपडबाई म्हणजे जंगलातल्या सुईण. हात हलका, पण चाल सावकाश. खिंडीपलीकडच्या माळावर एक हरिणी राहत असे. मागच्या खेपेला तिला कळा सुरू झाल्या तेव्हा घोरपडबाई चालत निघाल्या आणि अर्ध्या दिवसाने पोचल्या. पाडस गेलं होतं. हरिणी रागावली नाही. "बसा बाई, पाणी घ्या," एवढंच म्हणाली. ते पाणी घोरपडबाईंच्या घशाखाली उतरलं नाही.

आता हरिणीचे दिवस पुन्हा भरत आले होते. घोरपडबाईंची मोटारसायकल चिंचेखाली उभी होती. तिला हार घालून झाला होता, लिंबू-मिरची बांधून झाली होती. चालवायची तेवढी राहिली होती.

वर्ग घ्यायला तरसमास्तर होते. ते अकरा वेळा पडले होते. अनुभवी मास्तर हवा, म्हणून त्यांना नेमलं होतं. विद्यार्थी पडला की मास्तर खदाखदा हसत. त्यात वाईट हेतू काही नसे, तरसाची जातच हसरी.

पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "हेल्मेट कशासाठी असतं?"

"कोपरात अडकवायला!" लिंबाजी माकड ओरडलं.

"शाब्बास!"

त्या जंगलात सगळे हेल्मेट कोपरातच अडकवत. आपल्या कोपराला इतकं जपणारे प्राणी तुम्हीही कुठेतरी पाहिले असतील.

"मास्तर, डोक्यात घातलं तर चालंल का?" घोरपडबाईंनी विचारलं.

"चालेल की. पण परीक्षेत डोक्याला गुण नाहीत."

घोरपडबाईंनी ते डोक्यात घातलं आणि हनुवटीखाली पट्टाही लावला. वर्ग बराच वेळ हसत होता.

दुसऱ्या दिवशी स्टँडचा धडा झाला. त्या जंगलात आपला स्टँड आपण वर करायची रीत नव्हती. आपण गाडी दामटायची आणि रस्त्यावरच्यांनी "स्टँड! स्टँड!" म्हणून ओरडायचं. कोल्हा सशाच्या मागे लागला, तरी आधी "अरे, स्टँड!" म्हणून ओरडे आणि मग पाठलाग करी. इतकं ते सुसंस्कृत जंगल होतं. घोरपडबाईंनी मात्र स्टँड स्वतःच वर केला. मास्तरांना ते जरा आगाऊपणाचं वाटलं. त्यातून बाईंची पकड घोरपडीची. ब्रेक एकदा दाबला की तो सोडवायला दोघे जण लागत. पण तीन दिवसांत एकट्या त्याच पडल्या नाहीत, त्यामुळे मास्तरांना त्यांचा कंटाळा आला.

तिसऱ्या दिवशी मास्तरांचा पाय दुखत होता. त्यांनी बसूनच शिकवलं.

"उद्या परीक्षेला आठ काढायचा. पाय टेकायचा नाही."

"आठ म्हंजी कसा, मास्तर?"

"आठ म्हणजे आठ! शाळेत गेला होता ना, बाई?"

घोरपडबाई गेल्या होत्या. वडाखालच्या मराठी शाळेत पाटीवर त्यांनी एक ते शंभर गिरवले होते. त्या निर्धास्त झाल्या.

परीक्षा घ्यायला बगळेसाहेब आले. साहेब स्वतः जन्मभर एका पायावर उभे, त्यामुळे पाय टेकणाऱ्यांचा त्यांना भारी तिटकारा. त्यांच्याकडे समुद्रापलीकडून आलेलं पुस्तक होतं. त्यातला आठ म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन लाडू. पण तो फक्त साहेबांनीच पाहिला होता.

नावं अकारविल्हे पुकारली गेली. अस्वलाच्या अंगावर मोहोळाची सूज होती, ते आलंच नाही. म्हणून घोरपडबाईंचा नंबर पहिला लागला. पुढे बघायला कुणी नव्हतं.

त्यांनी पट्टा लावला, स्टँड काढला, आरशात पाहिलं आणि आठ काढायला घेतला. आपला आठ, ८. वरून निघाल्या. पोट काढून खाली उतरल्या. वळल्या आणि शेपटीला लागल्या.

आता मुलांनो, आपल्या आठची एक खोड आहे. तो निघाल्या जागी परत येत नाही. शेपूट लांबवून चालू लागतो. ती शेपूट कुठवर न्यायची, हे बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. मैदानाच्या कडेला त्या ब्रेक दाबणार, इतक्यात खिंडीकडून पोपट ओरडत आला.

"बाई! हरिणीला कळा सुरू झाल्या!"

घोरपडबाईंचा ब्रेकवरचा हात तसाच राहिला. त्यांना फार भीती वाटली. गाडीची नव्हे, त्या पाण्याच्या भांड्याची. मग त्यांनी हात काढला आणि शेपूट लांबवली.

"अहो बाई, कुठे चाललात?" बगळेसाहेब किंचाळले.

नाक्यावर गवा आडवा आला. "परवाना?"

"न्हाई अजून. परीक्षा चालू हाय माझी."

"इथं?"

"आठ काढतीया, दादा. पाय टेकला तर नापास व्हईन. बाजूला व्हा!"

गव्याला परीक्षेचा फार आदर होता. तो बाजूला झाला आणि सवयीने ओरडला, "बाई, स्टँड!"

"वर हाय!" घोरपडबाई म्हणाल्या आणि खिंडीपार झाल्या.

पाडस आडवं आलं होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर हाती काही लागलं नसतं. पण तो वेळ गेला नव्हता. घटकाभरात पाडस चार पायांवर उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. हरिणी त्याला चाटत होती आणि रडत होती. मग तिचं बाईंकडे लक्ष गेलं.

"बसा बाई, पाणी घ्या."

घोरपडबाई बसल्या. हेल्मेट काढायचंही त्यांना सुचलं नाही. सगळं भांडं त्या घटाघटा प्यायल्या.

इकडे मैदानावर तरसमास्तरांनी घाईघाईने फक्कीने दोन लाडू आखले. लिंबाजी माकडाने त्या रेघेवरून सुरेख आठ काढला. पाय टेकला नाही. कोपरातलं हेल्मेट हललं नाही. साहेबांनी त्याच्या गळ्यात परवाना घातला.

घोरपडबाई परतल्या तेव्हा साहेबांनी शेरा लिहून ठेवला होता. 'आठ अपूर्ण. उमेदवार मैदानाबाहेर. नापास.'

"साहेब, आमचा आठ असाच असतो," त्यांनी मातीत बोटाने काढून दाखवला.

साहेबांनी मान वाकडी करून पाहिलं. "छे! हा तर कुठेतरी जातो."

मुलांनो, लिंबाजी अजून गाडी चालवतो. वर्गात दुसरं काही शिकवलंच नसल्यामुळे तो कुठेही निघाला तरी आठच काढतो. गेल्या सोमवारी तो बाजाराला निघाला. दोन जांभळींभोवती फिरतो आहे. तिसऱ्यांदा सासुरवाडीचं निमंत्रण हुकलं, पण परवाना गळ्यात आहे.

घोरपडबाई मात्र दर महिन्याला परीक्षेला बसतात, आपला आठ काढतात, नापास होतात आणि कुणाच्या तरी बाळंतपणाला वेळेवर पोचतात. नाक्यावरचा गवा आता कागद मागत नाही.

"आठ का, बाई?"

"आठच, दादा."

तात्पर्य: मुलांनो, पास व्हायचं असेल तर कुठेही पोचायचं नाही, हे आधीच ठरवून टाका. ज्यांना पोचायचं असतं, ते नापास होतात. आणि हेल्मेट कोपरातच अडकवा. डोक्याला गुण नाहीत.